वळणबाबांच्या सहा खुणा

घाटातून जाणारी सकाळची गाडी सुटायला अजून पाऊण तास होता आणि तिकिटाच्या खिडकीपुढे चिटपाखरू नव्हतं. सगळी गर्दी पलीकडे, बंद पडलेल्या सामानघराच्या ओट्यापाशी. बाया, बापे, म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, सगळ्यांनी माना वर करून आ वासला होता. ओट्यावर स्वच्छ पांढऱ्या चादरीवर बसलेले वळणबाबा काचेच्या नळीनं एकेकाच्या जिभेवर पाच-पाच थेंब सोडत होते.

"हे औषध नव्हे, पांथस्था!" बाबा म्हणत होते. "औषध पोटात जातं. हा थेंब रस्त्यात जातो आणि वळण सरळ करतो! एकतिसाव्या वळणावरच्या झऱ्याचं पाणी, एकतीस दिवस मौनात ठेवलेलं. पुढे या, शंका मागे ठेवा!"

घाटाला एकतीस वळणं होती खरी, आणि बाबा येण्याआधी ती जितकी वाकडी होती तितकीच अजूनही होती. रस्ते खात्याला विचारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. पण प्रवाशांच्या उलट्या थांबल्या होत्या, हेही तितकंच खरं. कंडक्टरबाईइतकं ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

अकरा वर्षं ती या गाडीवर होती. तिच्या सीटखाली तिकिटांच्या पेटीपेक्षा मोठी पेटी होती लाकडाच्या भुशाची. सातव्या वळणावर पहिलं लेकरू ओकायचं. बाराव्या वळणावर, "मला असलं काही होत नाही" म्हणून खिडकी बंद करून बसलेले सद्गृहस्थ. विसाव्या वळणानंतर कोण कुणाच्या अंगावर, हे विचारायची सोय नसायची. दर फेरीला ती चाळीस कागदी पिशव्या घेऊन चढायची आणि तरीही शेवटी भुशाची पेटी उघडावी लागायचीच. बाबा आल्यापासून चाळिसांऐवजी चारच पिशव्या लागू लागल्या. एवढ्यावर कुणीही भक्त झालं असतं. ती तर इतकी झाली, की तिकीट फाडता फाडता आपल्या खणखणीत आवाजात विचारू लागली, "थेंब घेतला का? नसेल तर आधी तिकडे जाऊन या, गाडी दोन मिनिटं थांबवते!" सरकारी गाडी बाबांसाठी थांबते म्हटल्यावर बाबांचा भाव वधारला, हे सांगायला नको.

थेंब घेतला की बाबा खुणा सांगायचे. त्या सगळ्या स्थानकाला तोंडपाठ झाल्या होत्या. बाबा बोट वर करायचे आणि लोक सुरात म्हणायचे:

"पहिली खूण, जीभ कोरडी! दुसरी खूण, नजर धुरकट! तिसरी खूण, घाम थांबे! चौथी खूण, काळीज धावे! पाचवी खूण, धार अडे! सहावी खूण, डोळा लागे! सारथ्याला वर्ज्य!"

प्रत्येक खुणेला अर्थ होता. जीभ कोरडी पडली, म्हणजे बाबांनी तुमची मळमळ पिऊन टाकली. नजर धुरकटली, म्हणजे वळणं दिसेनाशी झाली. लघवी अडखळली, तर वळणाशी झगडायला शरीर पाणी राखून ठेवतंय असं समजायचं. आणि सारथ्याला, म्हणजे ड्रायव्हरला, थेंब मिळायचा नाही. आमचा ड्रायव्हर बिचारा दोनदा हात जोडून गेला. "तू स्वतःच वळणांचा स्वामी, तुला काय देऊ?" असं म्हणून बाबांनी त्याची बोळवण केली. तो आठवडाभर छाती काढून गाडी चालवत होता.

स्थानकाच्या समोरच औषधांचं दुकान होतं. तिथल्या बाईला सगळे मागून 'उलटतपासणी' म्हणायचे. साधी मळमळीची गोळी मागायला गेलं तरी ती काउंटरवर कोपरं टेकून सुरू व्हायची. वय किती? गाडी चालवणार का? डोळ्यांचा काही विकार? लघवीचा काही त्रास? दुसरी कुठली औषधं चालू आहेत? दिवस गेलेत का? हे सगळं मागच्या गिऱ्हाइकांच्या देखत. कंडक्टरबाई एकदा वडिलांच्या पोटदुखीसाठी तिच्याकडे गेली होती.

"पोटात पेटके येतात म्हणता. कुणाच्या?"

"अण्णांच्या. वडिलांच्या."

"मग त्यांनाच घेऊन या. डोळ्यांना चष्मा आहे की आणखी काही?"

"अहो बाई, पोट दुखतंय त्यांचं! डोळ्यांचा काय संबंध?"

"तो संबंध मी सांगते, आधी उत्तर द्या."

कंडक्टरबाईला गाडीचा हॉर्न ऐकू आला. ती तशीच परत फिरली आणि वाटेत ओट्यापाशी थांबली. बाबांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. "पोटातला पीळ म्हणजे आतलं वळणच," असं म्हणून घरी न्यायला एक छोटी बाटली दिली. सकाळ-संध्याकाळ पाच थेंब. पीळ जास्त असेल तर जास्त.

अण्णा घड्याळजी होते. बाजारातल्या अरुंद दुकानात, डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं केसाएवढी स्प्रिंग उचलणारे. पाच वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला होता. तेव्हापासून रोज न चुकता डोळ्यांत औषध. बाकी प्रकृती उत्तम, फक्त पोटात अधूनमधून कळ यायची आणि गाडीत बसलं की जीव घाबरा व्हायचा. बाबांच्या थेंबानं कळ थांबली. तोंड इतकं कोरडं पडलं, की भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना. भिंगातून पाहताना काटे पुसट दिसू लागले.

"अगं, पहिली खूण उमटली," अण्णा कौतुकानं म्हणाले. "आणि दुसरीपण."

"बघा!" कंडक्टरबाई म्हणाली. तिला खरोखर आनंद झाला होता.

दोन आठवड्यांनी अण्णा घाटापलीकडे निघाले, धाकट्या लेकीचं बाळ पाहायला. थोरलीच्या, म्हणजे कंडक्टरबाईच्याच गाडीतून जायचं. सकाळी पोटासाठी पाच थेंब घरी घेतले आणि स्थानकावर बाबांच्या हातून प्रवासासाठी आणखी पाच. मग ते प्रतीक्षालयाच्या बाकावर बसले. कंडक्टरबाई तिकिटं फाडून परत आली तेव्हा ते डावा डोळा तळहातानं दाबून बसले होते.

"डोकं फुटतंय गं. आणि त्या ट्यूबलाइटभोवती रंगांचं कडं दिसतंय."

हे ओट्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. वळणबाबा जातीनं उठून आले. "कडं दिसतंय?" त्यांनी दोन्ही हात वर केले. "तेजोवलय! एकवीस वर्षांत हे भाग्य मी कुणाला लाभलेलं पाहिलं नाही! ही सातवी खूण!"

लोक अण्णांच्या पाया पडू लागले. अण्णा कसनुसं हसले आणि पुढच्याच क्षणी बाकाच्या कडेला भडाभडा ओकले. गाडी अजून जागची हललीही नव्हती. पण हा साधा मुद्दा कुणाच्या ध्यानात आला नाही, रोज ओकणारी माणसं पाहणाऱ्या कंडक्टरबाईच्याही नाही. मळमळ म्हटली की थेंब, एवढंच तिला ठाऊक. तिनं पर्समधली बाटली काढली, अण्णांची हनुवटी वर केली आणि झाकण फिरवलं.

"थांबा!"

औषधवाली बाई घाटावरच्या दवाखान्याचं पार्सल गाडीत द्यायला रोज या वेळी यायची. तिनं पार्सल बाकावर टाकलं आणि कंडक्टरबाईचं मनगट धरलं.

"काय पाजताय?"

"बाबांचा थेंब. त्यांना मळमळतंय."

"अण्णा, डोळा दाखवा." डोळा लालभडक झाला होता आणि बाहुली मोठी, उजेडातही न आकसणारी. बाई खाली बसली आणि तिची उलटतपासणी सुरू झाली, पण या वेळी कुणी हसलं नाही. "तोंड कोरडं पडतं? लघवी? कधीपासून? डोळ्यांचा काही विकार?"

"काचबिंदू," अण्णा म्हणाले.

बाईनं धावत जाऊन रस्त्यावरची रिक्षा थांबवली. मग कंडक्टरबाईला म्हणाली, "आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या दवाखान्यात. दुपारी नाही, आत्ता. डोळ्यातला दाब चढलाय. तासाला तासाला नजर जाते."

"पण माझी गाडी..."

"ताई, गाडीचं मी बघतो, तुम्ही निघा!" ड्रायव्हर ओरडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा कंडक्टरबाई भरलेली गाडी सोडून निघाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी दाब उतरवण्याची औषधं दिली आणि मग प्रश्न विचारले. "वेळेवर आणलंत," ते म्हणाले. "डोळा वाचेल. नजर किती वाचेल, ते पट्टी काढल्यावर कळेल. हे पाजलं कुणी?"

"मी," कंडक्टरबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

औषधवाली बाहेरच्या बाकावर ती बाटली उलटसुलट करून बघत होती. झाकण सैल होतं, म्हणून आतून कागदाची एक घडी बसवलेली. बाईनं नखानं ती काढली आणि उलगडली. पातळ, कुरकुरीत कागद, त्यावर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. फाटलेला तुकडा होता, तीनच ओळी शिल्लक. बाईनं त्या वाचल्या आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"कंडक्टरबाई, तुमच्या बाबांच्या त्या खुणा जरा म्हणा बघू."

"आत्ता?" तिनं डोळे पुसले. "पहिली, जीभ कोरडी. दुसरी, नजर धुरकट. तिसरी..."

"घाम कमी येणे," बाई कागदावरून म्हणाली. "चौथी, छातीत धडधडणे."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर ओट्याकडे फिरकतही नाही!"

"माझ्या दुकानात या. दाखवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापुढे नेहमीसारखीच गर्दी होती. उलट जास्तच, कारण तेजोवलयाची बातमी दोन गावं पुढे गेली होती. बाबा सांगत होते, "काल एका पुण्यवान म्हाताऱ्याला सातवी खूण झाली. तेज सोसलं नाही, म्हणून मूर्च्छा आली!"

कंडक्टरबाई गर्दीतून वाट काढत ओट्यावर चढली. अंगात गणवेश, हातात एक घडी घातलेला कागद. बाबांना वाटलं, गाडी थांबवल्याचं सांगायला आली. त्यांनी आशीर्वादाला हात उचलला.

"बसा तुम्ही," ती म्हणाली आणि गर्दीकडे वळली. एकतीस वळणांवर इंजिनाच्या वर चढणारा तिचा आवाज. "मंडळी, मला एक कागद वाचायचाय. मी वाचते, तुम्ही ऐका. हा कागद मला समोरच्या दुकानात मिळाला. मळमळीच्या आणि पोटातल्या पेटक्यांच्या गोळ्यांच्या खोक्यात असतो, प्रत्येक खोक्यात. लिहिलंय, 'या औषधामुळे काहींना पुढील त्रास होऊ शकतात. एक, तोंड कोरडे पडणे.'"

"जीभ कोरडी!" सवयीनं लोक म्हणाले.

"'दोन, अंधुक दिसणे.'"

"नजर धुरकट!"

"'तीन, घाम कमी येणे.'"

"घाम थांबे!" आता आवाज थोडा कमी झाला होता.

"'चार, छातीत धडधडणे. पाच, लघवीला अडखळणे. सहा, सुस्ती व झोप.'"

शेवटच्या खुणेला दोन-तीनच तोंडं उघडली. कंडक्टरबाईनं कागद किंचित खाली केला. "'हे औषध घेतल्यावर वाहन चालवू नये.'"

"सारथ्याला वर्ज्य," ड्रायव्हर एकटाच म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याची काढलेली छाती हळूहळू आत गेली. कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं कुणी. हसू मागच्या रांगेपर्यंत पसरलं, तसे बाबा उभे राहिले.

"नास्तिकांनो! कागदात काय लिहिलंय त्याला महत्त्व नाही! गुण येत होता की नाही? बोला!"

"येत होता की," औषधवाली गर्दीतूनच म्हणाली. "येणारच. गोळी चांगली आहे. योग्य माणसानं, मोजून, गाडीत बसण्याआधी अर्धा तास घेतली तर मळमळ थांबते. चमत्कार गोळीचा आहे आणि श्रेय तुम्ही खाल्लंत. एका बाटलीत किती गोळ्या कुटता?"

बाबांनी काचेची नळी पाठीमागे लपवली.

"मोजता तरी का?"

ड्रायव्हरनं सामानघराचं दार ढकललं, तर ते सहज उघडलं. आत खलबत्ता, नळाचा पाइप, बादली आणि रिकाम्या पाकिटांनी भरलेलं पोतं. मौनात ठेवलेला झरा नळाचा होता. पोत्यावर घाऊक औषधांच्या एका गोदामाचा शिक्का होता, आणि तो पाहून मागच्या रांगेतल्या हमालानं बाबांना ओळखलं. "अरे, हा तर गोदामात खोकी बांधायचा! दाढी नव्हती तेव्हा!"

कंडक्टरबाई अजून कागद हातात धरून उभी होती. "मंडळी, वाचन संपलेलं नाही," ती म्हणाली आणि तिनं कागद उलटा केला. "ही मागची बाजू. 'हे औषध कोणी घेऊ नये. काचबिंदू असलेल्यांनी...'" तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं. "'काचबिंदू असलेल्यांनी घेऊ नये. लघवी तुंबण्याचा त्रास असलेल्यांनी घेऊ नये. हृदयविकार असल्यास, दिवस गेले असल्यास, अंगावर पाजत असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लहान मुलांना सल्ल्याशिवाय देऊ नये. वृद्धांना गोंधळल्यासारखे होऊ शकते. दारूबरोबर घेऊ नये. डोळा दुखून लाल झाल्यास किंवा दिव्याभोवती कडी दिसल्यास औषध थांबवून ताबडतोब दवाखान्यात जावे.'"

आता कुणी हसत नव्हतं. एका आईनं कडेवरच्या पोराचं तोंड पदरानं पुसलं, जणू पाच थेंब अजून जिभेवरच होते. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "मी तीन दिवस रात्री उठून बसतोय, धार येत नाही म्हणून. मला वाटलं पाचवी खूण." औषधवालीनं त्याला हाताला धरून बाजूला नेलं.

"बाबा," कंडक्टरबाई म्हणाली, "तुम्हाला ही बाजू ठाऊक होती?"

बाबांच्या कपाळावर घाम आला. ते स्वतः थेंब घेत नसत हे उघडच होतं. त्यांनी मान पुढे करून कागदाकडे पाहिलं. गोदामात कागद घडी घालूनच यायचे, पुढची बाजू वर.

"मागेपण असतं लिहिलेलं?" ते हळूच म्हणाले.

बाटल्या आणि पोतं औषधवालीनं बोलावलेल्या औषध निरीक्षकांनी नेलं, बाबांनाही बरोबर नेलं. लोक बराच वेळ रिकाम्या ओट्याकडे बघत राहिले. कंडक्टरबाईनं त्या सकाळी कुणालाच दोष दिला नाही. बाबांचा सगळ्यात मोठा भोंगा ती स्वतः होती, तिकीट फाडता फाडता वाजणारा. ते तिनं ओट्यावरून उतरण्याआधी सगळ्यांपुढे सांगितलं आणि माफी मागितली. जे एरवी कुणी घेतलं नसतं ते माझ्या गणवेशाकडे बघून तुम्ही घेतलंत, असं ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी अण्णांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, अक्षरं दाखवली, बाजूनं पेन फिरवलं. समोरचं सगळं दिसत होतं. पण डाव्या डोळ्याच्या कडेचा एक तुकडा गेला होता आणि तो परत येणार नव्हता. काम करता येईल, डॉक्टर म्हणाले, फक्त डाव्या हाताला ठेवलेला चिमटा मान वळवून शोधावा लागेल.

"मीच पाजलं तुम्हाला," बाहेर आल्यावर कंडक्टरबाई म्हणाली. तीन दिवस तिच्या मनात हेच होतं.

"पाजलंस," अण्णा म्हणाले. "आणि मी काय दूधपितं बाळ होतो? डॉक्टरांनी पाच वर्षांपूर्वी बजावलं होतं, काहीही पोटात घेण्याआधी काचबिंदू आहे म्हणून सांगा. त्या औषधवालीनं विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. बाबांनी विचारलं नाही आणि मला बरं वाटलं. माणसाला म्हातारपणी आपली दुखणी सांगायची लाज वाटते, पोरी."

तिनं त्यांचा डावा हात धरला, कारण त्या बाजूनं सायकल येत होती आणि ती त्यांना दिसली नव्हती.

तर मंडळी, गोष्ट इथं संपली. गोळी वाईट नाही आणि त्या थेंबातलं औषधही वाईट नाही. मळमळ थांबवणारं, पोटातला पीळ सोडवणारं औषध माणसानंच शोधून काढलं, तपासलं, आणि त्याचे गुण-दोष दोन्ही कागदावर लिहून ठेवले. दोष लपवायचे असते तर छापलेच नसते. म्हणून ते घ्या, जरूर घ्या. पण किती घ्यायचं ते मोजून घ्या, आपली दुखणी न लाजता सांगा, आणि कागद दोन्ही बाजूंनी वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. आणि जो माणूस तुम्हाला एकही प्रश्न न विचारता आ करायला सांगतो, त्याच्यापुढे तोंड उघडायचंच असेल तर आधी त्याला विचारण्यासाठी उघडा, "हे काय आहे?"